कॉम्प्युटरला एसी, अर्जुनाला रजा

लोणंद, ३ मे १९९७

तीर्थस्वरूप आप्पासो दाजी यांस लालासाहेबाचा दंडवत. ताईचे गुडघे कसे आहेत? तुमचा बेदाणा यंदा चांगला वाळला असे ऐकतो. मीही वाळलो आहे, पण मला कोणी विचारत नाही.

गेल्या दसऱ्याला छापखान्यात कॉम्प्युटर घेतला, हे तुम्ही जाणताच (पूजेला नारळ तुम्हीच फोडलात, पाणी कीबोर्डात गेले, पण तो विषय मी काढत नाही). विकणारा म्हणाला, याला गारवा लागतो. मी लगेच एसी बसवला. त्याच पत्र्याखाली अर्जुनाने बावीस वर्षे घाम पुसत शिशाचे खिळे जुळवले, तेव्हा मला साधा पंखा सुचला नाही. साताऱ्याला पंधरा दिवसांचा क्लास करून आलो आणि त्याला म्हणालो, "आता तुझं काम न्हाई, गड्या." तो "बरं मालक" म्हणाला, खिळ्यांच्या खणांवरची धूळ पुसली आणि गेला. आता तुमच्याच शेडवर बेदाणा निवडतो.

त्याची एक खोड होती. लग्नपत्रिकेचे गिऱ्हाईक आले की आधी चहा, मग तासभर चौकशा. "घरची समदी बरी हायती न्हवं? थोरला चुलता बोलतुया का आता?" मला वाटे, कामचुकारपणा. कॉम्प्युटर चौकशा करत नाही, याचेच मला कौतुक!

मार्चमध्ये म्हसवडहून आपले जुने गिऱ्हाईक धुळाआबा यांच्या घरचा निरोप आला, की धाकट्याचे लग्न आहे, पत्रिका थोरल्याच्या वेळेसारखीच छापा. थोरल्याची मीच दिवाळीनंतर कॉम्प्युटरवर केली होती. वधूवरांची नावे आणि तारीख बदलली, पाच मिनिटांत काम फत्ते. पाचशे पत्रिका गावोगाव गेल्या. आठव्या दिवशी आबांच्या पत्नी सुलाबाई एसटीने आल्या. पत्रिका टेबलावर ठेवून शांतपणे म्हणाल्या, "आवं, आमचं मालक जानेवारीत गेलं. तुमी त्यास्नी निमंत्रक केलंय. पाव्हणं इचारत्यात, आबा कुटं हायती? म्या काय सांगू?"

मग जाता जाता म्हणाल्या, "अर्जुनाला ठावं हुतं. दहाव्याला आला हुता त्यो."

मी एसीत बसून घामाघूम झालो. त्या चौकशा नव्हत्या, दाजी, ते त्याचे प्रूफ तपासणे होते. यंत्र घेतले हे चुकले नाही. त्याच्यापुढे अर्जुनाला बसवायचे सोडून मी स्वतः बसलो (आणि घेताना त्याला एका शब्दाने विचारले नाही), हे चुकले. फार वाईट वाटते. पत्रिका पुन्हा छापल्या, घरोघर स्वतः वाटल्या, तरी वाटतेच.

ताईला नमस्कार.

आपला,
लालासाहेब

ता. क. : खरे काम हे, की अर्जुनाला विचारा, परत येतो का. कॉम्प्युटरला हात लावायचा नसेल तर लावू नये, शेजारी बसून चौकशा कराव्यात. बटणे मी दाबीन. चहाही मीच आणीन.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवणार तोच टपाल आले. अर्जुनाच्या लेकीचे, दीक्षाचे लग्न आहे. पत्रिका तुमच्या तासगावातच, खिळे जुळवून छापलेली. निमंत्रकांत माझे नाव त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाच्याही वर आहे. चूक म्हणावी, तर नावांत अर्जुनाची चूक होत नाही. निमंत्रकाने मांडवाच्या दारात उभे राहायचे असते, दाजी. मला एकट्याला धीर होत नाही. तुम्ही शेजारी उभे राहा.