वेलबुट्टीची पाटी

१८ सप्टेंबर २०२५
सून स्वप्नाली दसऱ्याला इस्लामपुरात लाकडी घाण्याच्या तेलाचं दुकान काढते आहे. मशीन तिनं आणलं, शेंगा तिनं आणल्या. मी एवढंच म्हटलं, गल्ल्यावर घरचं वडीलधारं माणूस हवं. ती म्हणाली, "मामंजी, आधी पाटी करून आणा. मग गल्ल्याचं बघू." झोप नाही. बी.पी. वाढलं असणार. पण गल्ला आपलाच.

२० सप्टेंबर
पाटीवाल्या धनाजीकडे गेलो. त्यानं कॉम्प्युटरवर साधी अक्षरं दाखवली. मयताच्या बोर्डासारखी वाटली. मग एक फाँट निघाला. अक्षरांच्या टोकांना पाय, पायांना वेल, वेलीला कळी. 'लाकडी'तला 'ड' तर लावणीलाच उभा. धनाजी म्हणाला, "नाथाजीनाना, ह्याला सेरिफ म्हणत्यात. लय नखऱ्याचा हाय, जरा जपून." अक्षराला काय जपायचं? मी सातवी नापास झालो ते गणितात.

२४ सप्टेंबर, दुपार
स्वप्नालीनं डिझाइन मोबाइलवर मागितलं. नेट नाही म्हणालो. नेट होतं. तिला साधी, ठळक अक्षरं हवीत. हौस नाही. उद्या नक्की दाखवीन.

२५ सप्टेंबर
दाखवलं नाही. गुडघा. फोनवरूनच धनाजीला सुधारणा सुचवली. 'घाणा'चा शेवटचा काना नुसताच उभा आहे, त्याची वेल करून पाटीच्या कडेनं फिरव. तो म्हणाला, "नाना, इचार करा." केला. फिरव म्हणालो.

२ ऑक्टोबर, दसरा
पाटी लागली. लोक थांबून बघत होते. फोटो काढत होते. समोरची भाजीवाली तानुबाई तोंडाला पदर लावून हसली. कौतुकानं असेल. मग तिनं मोठ्यानं वाचलं, "माने, शुद्ध लाकडी घाण. अगं स्वप्नाली, घाण काय लिटरनं देतीस व्हय?"
काना वेलीत गेला होता. लोकांचं शिक्षण कमी, दुसरं काय.
स्वप्नालीनं गल्ल्याची किल्ली कमरेला खोचली. 

४ ऑक्टोबर
फोनवर फोन. "घाण चालू हाय का?" सुनेला म्हटलं, बघ, नाव झालं. ती म्हणाली, "मामंजी, मला तेल इकायचं हाय." तेल आहे तसंच पडून आहे. नवी पाटी दिवाळीनंतर, आता धनाजीला सवड नाही.

६ ऑक्टोबर
दुकानात जागा मिळाली. गल्ल्यावर नाही. बाहेर, पाटीखाली, स्टुलावर. हातात काठी. येईल त्याला काना दाखवायचा. जबाबदारीचं काम आहे. गल्ल्यावर काय, कुणीही बसतं.

८ ऑक्टोबर
एक बाई रिकामी किटली घेऊन आल्या. त्यांना काना दाखवला. वेलीवरून काठी पार कळीपर्यंत नेली. पटलं त्यांना. किटली भरून निघाल्या, अन् जाता जाता म्हणाल्या, "आवं, पर असली अक्षरं निवडली तरी कुणी?"
म्हणालो, मला काय ठावं, मी इथं नवीन हाय.