मामाच्या भिंतीवरचं कौतुक

सरोजिनी नगर, दिल्ली
१० फेब्रुवारी

ती. आईस,
निहारचा वाकून नमस्कार.

फोनवर मी नुसता हो-हो करतो म्हणून पत्र मागितलंस, तर हे घे. तब्येत बिल्कुल ठीक. नोकरी अजून नाही. मामी जेवण वाढते, मामा उपदेश.

मामा या महिन्यात रिटायर होणार, क्वार्टर सोडून नाशिकला जाणार. म्हणून ब्लॉकवाल्यांनी जिन्यासमोरची भिंत रंगवायला घेतलीय. इतकी वर्षं ब्लॉकचा सेक्रेटरी होता, तेव्हा चित्रात मधोमध मामाच. एकमेकांच्या स्कूटरी ढकलून देणारे लोक एकाच डब्यात ब्रश बुडवतायत. मला रंग आणायला करोल बागेत पाठवलं, तिथे मोटारीची सीटकव्हरं बघण्यात अर्धा दिवस गेला. आपल्याकडे मोटार नाही, याची आठवण मामीने करून दिली.

पण मुद्दा वेगळाच. समोरच्या चड्ढा आंटी आणि मामा यांचा पाण्याच्या पंपावरून अबोला आहे, तुला माहीतच आहे. जिन्यात गाठ पडली की एक जण चपलांकडे बघतो, दुसरा छताकडे. चित्राखालची ओळ नेमकी आंटींनी दिली. 'श्रीरंग जी की चेष्टा को प्रणाम'. म्हणजे जाता जाता मामाची चेष्टा, वर प्रणाम! मी यार पेटलोच. सगळे चहाला गेल्यावर 'चेष्टा' पुसलं आणि 'कौतुक' लिहिलं. 'की'चं 'के'सुद्धा केलं, व्याकरण सोडलं नाही. आता वर चादर बांधलीय, ती उद्घाटनालाच निघेल. भाच्याने लाज राखली म्हण.

तुझा,
निहार

सातारा
१६ फेब्रुवारी

चि. निहार यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसता हो-हो करशील, म्हणून लिहूनच कळवते. गाढवा, मी आणि दादा दिल्लीतच पहाडगंजला शाळेत होतो, तिथे शिकलेलं सांगते. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, धडपड. त्या बाईने दादाच्या धडपडीला नमस्कार केला होता. आणि कौतुक म्हणजे तिकडे तमाशा. आता वाच तुझी ओळ.

इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर तिने एक चांगला शब्द टाकला, तोही माझ्या दिवट्याने पुसला. दादा असाच निघून गेला तर नाशिकहून समेट करायला कोण परत येणार आहे? तो बोलून दाखवत नाही, पण त्याला हे लागलेलं आहे. पत्र मिळाल्याबरोबर ओळ नीट कर. वाटेत कुठे रेंगाळू नकोस. वहिनीला नमस्कार.

तुझी,
आई

सरोजिनी नगर
२४ फेब्रुवारी

ती. आईस,
निहारचा लांबूनच नमस्कार.

तुझं पत्र आज आलं. चादर काल निघाली.

आधी कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. चड्ढा आंटींचा चेहरा उतरला. ज्याला-त्याला सांगत सुटल्या की हे मी लिहिलेलंच नाही. मी गेटकडे सरकत होतो, मामीने कॉलर धरली. मला सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं.

मामा उठला आणि सरळ आंटींसमोर जाऊन उभा राहिला. हिंदीत समजावलं की आमच्याकडे दुसऱ्याचं चांगलं बघून मन भरून आलं की त्याला कौतुक म्हणतात, आणि आमच्या भाच्याला दोन्ही भाषा सारख्याच येत नाहीत. मग तुम्ही काय लिहिलं होतं, असं विचारलं. आंटींनी खालच्या आवाजात सांगितलं. मामा बराच वेळ चष्मा पुसत राहिला. मी ब्रश घेऊन आलो ओळ बदलायला, तर आंटींनी मला अडवलं आणि मामाला म्हणाल्या, "रहने दीजिए, भाईसाहब. हमारे वाला मतलब भी ग़लत नहीं है."

मामा इतका हसला की ठसका लागला. आंटींनीच पाणी आणून दिलं. ते पिता पिता मामाने विचारलं, हे तुमच्या पंपाचं की आमच्या?

आत्ता दोघं जिन्यात उभे राहून तावातावाने भांडतायत, तिकडे सामान तसंच पडलंय. मामी म्हणते, भांडू देत, किती दिवसांचं साठलंय.

तूही पानभर रागाव, पण अबोला धरू नकोस.

तुझा,
निहार