विभागप्रमुखांचा माईक

धाकटे सरकार,

तुझ्या सत्काराला माईक मी फुकट लावला, तरी त्या समारंभापायी माझा इस्त्रीचा शर्ट घामात आणि रात्रभराची झोप तयारीत गेली. महाविद्यालयाच्या वार्तापत्रात 'समाजशास्त्राचे नवे विभागप्रमुख' म्हणून तुझा फोटो पाहून आई शेजारणीला म्हणाली, "हा माझा हुशार." मी शेजारीच उभा! म्हटलं, "आई, माझ्या माईकशिवाय त्याचं समाजशास्त्र पहिल्या रांगेपलीकडे जात नाही."

ऐन भाषणात वीज गेली, तेव्हा मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"दादा, राहू दे, असाच बोलतो," तू म्हणालास.

पुढच्या महिन्यातल्या चर्चासत्रालाही दादाचाच माईक हवा, असं तू सगळ्यांसमोर सांगितलंस. कशाला हवा, तूच जाण. मी शेवटच्या रांगेमागे दाराशी उभा होतो. तुझ्या भाषणाचा शब्द न् शब्द ऐकू आला.

तुझा दादा