गल्लीचा माइक पोरांच्या नावे

मी, खाली सही करणारा, ज्याला सगळी गल्ली 'भोंग्या' म्हणते, वय सत्तावीस, धंदा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा, शिक्षण नववी दोनदा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितोय. डोकं ठिकाणावर आहे. कुणाचा दबाव नाही. प्यायलेलो नाही. आणि ही थट्टा नाही.

शेवटचं वाक्य मुद्दाम लिहावं लागतं. दोन वर्षांपूर्वी मी गेल्याची बातमी मीच माइकवरून दिली होती. शेजारच्या काकू डोळे पुसत आल्या, मला दारात दात घासताना बघितलं आणि चप्पल फेकून मारली. तेव्हापासून माझं कुणी खरं मानत नाही. मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत हे आईला सांगितलं, तर म्हणाली, "आधी चहाचा कप धुऊन ठेव." दवाखान्याचे कागद दाखवले, तर कुठून छापून आणलेस म्हणून विचारलं. डॉक्टर म्हणतात, शंभरातले पंच्याण्णव धडधाकट घरी जातात. पण मला आयुष्यात पस्तीसच्या वर कधी मिळाले नाहीत, म्हणून हा कागद.

कलम १. बँकेत जे असेल ते आईला. काय आहे ते बघून तिने हसू नये.

कलम २. स्कूटर ताईला. दाजींना चालवायला देऊ नये. ब्रेक कुणाचं ऐकत नाही, आणि दाजीही.

कलम ३. दाजींना माझा गाळा गाद्यांच्या गोदामासाठी हवाय; एक किल्ली तर आईकडून आधीच नेलीय. मी लग्न केलेलं नाही, म्हणजे कागद नसला तर गाळा आईकडे जाणार, आणि आईला जावयापुढे नाही म्हणता येत नाही. म्हणून स्पष्ट लिहितो: दाजींना गाळ्यातलं फक्त स्टूल द्यावं. तिसरा पाय त्यांनी स्वतः शोधावा.

कलम ४. गाळा, दोन भोंगे, अ‍ॅम्प्लिफायर आणि चार माइक (त्यातला एक टपली मारल्याशिवाय चालत नाही) हे सगळं गल्लीतल्या आठ ते सोळा वयाच्या पोरापोरींचं. माझा जोडीदार वायरमन व्यवस्था बघेल. आठवडाभर सामान भाड्याने जाईल, त्यातून पोरांच्या फिया, वह्या, पुस्तकं. रविवारी संध्याकाळी मात्र कितीही मोठं गिऱ्हाईक आलं तरी सामान हलवायचं नाही. रविवार पोरांचा.

हे सुरू झालं माझ्या चुकीने. माइक चालू ठेवून मी चहाला गेलो. परत येतोय तर इस्त्रीवाल्याची मुलगी अख्ख्या गल्लीला बातम्या सांगत होती: कोणी कोणाची बादली नेली, कोण घरात असून नाही म्हणून सांगतं. माणसं खिडक्यांत लोंबकळत ऐकत होती. पुढच्या रविवारी सहा पोरं आली, नाटक लिहून. कोपऱ्यावरचा नळ तीन महिने गळत होता. पोरं दर रविवारी मिनिटाला किती थेंब ते मोजून सांगायची. चौथ्या रविवारी नळवाला आपणहून आला, काम केलं, आणि माझं नाव तेवढं घेऊ नका म्हणाला.

दाजी म्हणतात, पोरं बोंबलून कुठले साहेब होणार आहेत? नाही झाली तर नाही. साहेबासमोर उभं राहून बोलता तरी येईल.

कलम ५. अट एकच. घोकलेलं भाषण या माइकवर चालणार नाही. पाचवीत बाईंनी मला दोन पानं पाठ करायला दिली. तिसऱ्या ओळीला गाडी अडली, मग मी हेडमास्तरांच्या केसांच्या टोपाबद्दल जे माहीत होतं ते सांगितलं. लोक टाळ्या वाजवत होते आणि बाई मला कानाला धरून खाली नेत होत्या. तो कान अजून दुसऱ्यापेक्षा लांब आहे. तरी साक्षीला त्याच हव्यात. माझ्या खऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, त्यांच्या सहीवर सगळे ठेवतात.

कलम ६. मी गेलो तर बातमी मोठ्या भोंग्यावरून द्यावी. दोनदा. पहिल्यांदा कुणी मानणार नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. नंतर करायला मिळालं तर आनंदच आहे.

ठिकाण: गाळ्यात, अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीवर
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा शनिवार
सही: भोंग्या

साक्षीदार १: दवाखान्यातले डॉक्टर. सही करणारा पूर्ण शुद्धीवर आहे. तपासणीला आला तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही त्याने तासभर हसवलं.

साक्षीदार २: शाळेतल्या बाई (निवृत्त). मी कागद वाचला, दवाखान्यात फोन केला. ऑपरेशन खरं आहे. म्हणून त्याच्यादेखत सही करून मी तशीच त्याच्या घरी गेले आणि आईला सगळं वाचून दाखवलं. त्या उठल्या, जावयाकडची गाळ्याची किल्ली मागून आणली आणि माझ्या हातात दिली. त्यांचा निरोप त्यांच्याच शब्दांत लिहिते: "गाळा पोरांचाच. मंगळवारी मी येतेय. आणि त्याला म्हणावं, मेलास तर याद राख."