फर्लांगाचा दगड आणि माझा दम

पनवेल, सोमवार, १३ फेब्रुवारी १९५६

तीर्थस्वरूप अब्राहममामांना गर्शोमचा सादर शालोम. तुमचे गुडघे आणि मामींचा खोकला आपापल्या मर्यादेत असतील अशी आशा आहे. इकडे मी सोडून सर्व क्षेम.

तुम्ही लष्करी इस्पितळातली कंपाउंडरी सोडताना जे सायकलस्वारीचं पुस्तक आणलंत, ते मी पनवेल-पेण शर्यतीसाठी अक्षरशः पाळलं (चूक इथेच झाली). एक फर्लांग जीव तोडून, पुढचा रमतगमत, असं आठ वेळा. पहिला झपाटा आणि आठवा एकाच वेगाचा हवा, असं त्यात बजावलंय. मी पहिल्या दिवशी तिसऱ्यातच सगळा जोर उधळला आणि पुढचे पाच फर्लांग सायकल हातात धरून चाललो. मग अक्कल आली. शनिवारी विश्रांती, यावर पुस्तकाचं आणि आपल्या धर्माचं एकमत निघाल्यामुळे आई खूश होती. माझ्या घड्याळाला सेकंदकाटा नाही, म्हणून मोजमाप रस्त्याकडेच्या फर्लांगाच्या दगडांवर.

गेल्या मंगळवारी गव्हाणच्या वाटेवर आठव्या झपाट्याचा दगड येईचना. (तो गुणाबाई नावाच्या बाईने धुणं आपटायला नेला होता, हे नंतर कळलं.) दगड दिसेपर्यंत वेग सोडायचा नाही या हट्टाने मी दुप्पट अंतर तोडलं. पुढचा दगड दिसला तो शेंदराने माखलेला. आकडा वाचावा म्हणून खाली उतरून, गुडघे टेकून, धापा टाकत त्याच्यापाशी कपाळ नेलं. तिथल्या बुधाजीने सांगितलं, "फर्लांग नाय तो, म्हसोबा हाय. काय मागायचं ता माग." आणि हातावर खोबरं ठेवलं. नको म्हणायलाही दम नव्हता, म्हणून खाल्लं.

नेमकी तेव्हाच उरणची एसटी गेली आणि खिडकीत आपल्या सिनेगॉगचा कारभार पाहणारे मुकादम, सॉलसाहेब होते. त्यांच्या शुलामिथशी माझं लग्न जमत आलं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. शुक्रवारी त्यांचा निरोप आला. मुलाला दमा आहे, शिवाय तो दगडाला नमस्कार करतो, तेव्हा हे राहू द्यावं. दोन्ही आरोप एकाच दृश्यावरून, हे मुकादमांचं कौतुक. पण मला फार वाईट वाटलं, मामा.

मामींना शालोम.

तुमचा भाचा,
गर्शोम

ता. क. पत्राचं खरं कारण असं की रविवारी तुम्ही इथे यावं. माझी फुप्फुसं धड आहेत आणि मी फक्त आकडा वाचत होतो, हे सॉलसाहेबांना सांगावं. त्यांना दोन्ही एकदम पटणार नसेल तर आधी धर्माचं सांगा. फुप्फुसं शर्यतीत दिसतील.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच शुलामिथ पोस्टात, मी कामाला बसतो त्याच खिडकीवर, तिकीट घ्यायला आली. म्हणाली, नकार तिचाच आहे. वडिलांनी ती दोन कारणं मला कमी लागावं म्हणून शोधली. सहा आठवडे ती रोज सकाळी दारात उभी राहते आणि मी मान खाली घालून सुसाट जातो. पुस्तकाप्रमाणे तिच्या दारापुढचा फर्लांग जोराचा पडतो, हे मी समजावलं. ती म्हणाली, "मग पुस्तकाशीच कर लग्न."
तेव्हा येण्याआधी एवढंच बघा, तो फर्लांग उद्यापासून सावकाश धरला तर मी शर्यत हरेन का. हरणार असेन, तर मला कळवू नका.