आत मी, बाहेर शरणम्मा, मध्ये ताडपत्री

मुक्काम ईट, चैत्र वद्य चतुर्थी, शके १८६५

तीर्थरूप शांतलिंगमामांच्या पायाशी भाचा पंचाक्षरी याचे शरणार्थ. इकडे आम्ही सगळे धड आहोत, तिकडे उमरग्यात तुमचा गुडघा कसा आहे ते कळवावे. बिब्बा घालू नका असं मी मागंच सांगितलं होतं, पण कॉलेज अर्धवट सोडलेल्या माणसाचं वैद्यकीय मत कोण ऐकतो. मामींना शरणार्थ. त्यांच्या हातच्या शेंगांच्या चटणीवर आम्ही चार मुक्काम काढले.

मी मुरुमहून एकाएकी ईटला का आलो, असं तुम्ही विचारणार. तर मुरुमच्या महांतप्पांच्या गुळाच्या दोन गाड्या इथल्या व्यापाऱ्याकडं यायच्या होत्या. सोबत त्यांची मुलगी शरणम्मा आजोळी येणार होती. (हे दुसरं कारण मी आधी लिहायला हवं होतं, पण पत्राला काही रीत असते.) गाड्या निघताना मी महांतप्पांकडं गेलो आणि सरळ म्हणालो की मलाही न्या. त्यांनी माझ्याकडं पगडी ते वहाणा असं पाहिलं. माझा लौकिक त्यांच्या कानावर होताच. हैदराबादेत खानावळीच्या मालकाशी भाकरीवरून भांडून मी इंटर सोडलं, हे तुम्ही सगळ्या बाजारात सांगितलं आहे. ते म्हणाले, "ये. ईटपर्यंत माझा गूळ कोरडा राहिला आणि तुझा आवाज एकदाही चढला नाही, तर पुढची गोष्ट तुझ्या मामाशी बोलू. दोन्हीतलं एक जरी चुकलं तरी आपला रामराम." मामा, गुळाचं मला भय नव्हतं.

आवाजाचा बंदोबस्त मी असा केला की राग आला की तोंडातल्या तोंडात नमः शिवाय म्हणायचं. पहिल्या दिवशी गाडीवान दगडोबानं माझ्या पायावरून चाक नेता नेता वाचवलं, तेव्हा एकवीस वेळा. नळदुर्गच्या अलीकडं करोडगिरीच्या नाक्यावर जकातीच्या शिपायानं सगळ्या ढेपा उतरवून पुन्हा चढवायला लावल्या, तेव्हा शंभरावर आठ. परिणाम भलताच झाला. तिसऱ्या मुक्कामाला महांतप्पा दगडोबाला म्हणाले की पोरगं वाटलं तसं नाही, सारखं नामस्मरणात असतं. ते तेव्हापासून मला आधी भस्म लावू देत आणि मग स्वतः लावत. माणसानं चांगल्या मताच्या आड येऊ नये.

आता मूळ गोष्ट. येडशीचा घाट मागं टाकून तेरखेड्याकडं निघालो तर वाट एका ओढ्यापाशी फुटते. डावीकडची लांबची, उजवीकडची बाभळीच्या रांगेतून. दगडोबा हा भूमकडचा माणूस, त्याला इथला दगड न् दगड ठाऊक. तो म्हणाला, "मालक, हिकडनं नगा. फांद्या लई खाली हायत. बैल जात्याल, गाडी न्हाय जायची." मागच्या गाडीतून शरणम्मा बघत होती. मी कासरा हातात घेतला आणि उजवीकडं वळलो. बैल गेले. दगडोबाचं खरं ठरलं. एक फांदी गुळावर मी घातलेल्या ताडपत्रीत शिरली ती या टोकाकडून त्या टोकाकडं निघाली, आणि गुळावर दीड हात आभाळ दिसायला लागलं. आभाळही साधं नव्हतं. बालाघाटाच्या बाजूनं काळं होऊन येत होतं.

ओढ्याकाठी गाड्या सोडल्या. दगडोबानं दाभण आणि सुतळी काढली. पण मी इंटरपर्यंत शास्त्र शिकलेला. मी त्याला समजावलं की शिवणं म्हणजे एक मोठं भोक बुजवायला दोनशे बारीक भोकं पाडणं. (यात काही चूक आहे का, तुम्हीच सांगा.) तेव्हा शिवायचं नाही, चिकटवायचं. लढाईमुळं कापड मिळत नाही, म्हणून मी माझा हैदराबादचा जाड कोट फाडून त्याची पाठ घेतली. ज्वारीच्या पिठाची दाट खळ शिजवली. पाणी मुरू नये म्हणून तीत करडईचं तेल ओतलं आणि हात आखडू नये म्हणून भरपूर ओतलं. ठिगळ असं बसलं की महांतप्पांनी बोटानं दाबून "वा" म्हटलं. मी हात धुवायला ओढ्यावर गेलो.

परत येतो तर माणक्या नावाचा बैल शांतपणे ठिगळ खात होता. त्याची काय चूक? पीठ, वर तेल. दिवाळीतसुद्धा त्याला कुणी एवढं प्रेमानं घातलं नसेल. खाताना त्यानं मान झटकली आणि दीड हाताचं अडीच हात झालं. मामा, मी जागच्या जागी नमः शिवाय सुरू केलं. महांतप्पांनी श्रद्धेनं हात जोडले.

तेव्हा शरणम्मा गाडीतून उतरली. ही मुलगी मुरुमात कौदी शिवण्यात पहिली आहे (आपल्याकडच्या वाकळीलाच ते लोक कौदी म्हणतात, पण तिची दुहेरी असते आणि टाका मुंगीएवढा). माझ्याकडं न बघताच तिनं कोटाच्या उरलेल्या दोन बाह्या उसवल्या, एकावर एक ठेवल्या, कडा आत दुमडल्या. मग आपली फणेरपेटी उघडून कुंकवाखाली लावायचा मेणाचा गोळा काढला आणि सगळी सुतळी त्यातून ओढली. मेण सुतळीबरोबर जातं आणि भोक भरतं, असं ती दगडोबाला सांगत होती, पण माझ्या कानाच्या अंतरावर. दोनशे भोकांचं उत्तर मिळालं.

ताडपत्री सोडायला वेळ नव्हता, म्हणून गाडीवरच शिवायचं ठरलं. त्याला एक माणूस आत लागतो. बाहेरून दाभण आत आली की आतल्यानं ओढून परत बाहेर द्यायची. महांतप्पांच्या अंगानं ते आत मावेनात, दगडोबा बैलांपाशी. मी ढेपांवर जाऊन बसलो. पहिलीच दाभण तळहातात आली. मी जप सुरू केला.

फटीतून तिचा आवाज आला, "हा मंत्र आहे की शिव्या?"

मी म्हणालो, "शिव्याच आहेत."

"वाटलंच. नाक्यावर पण त्याच होत्या. अप्पांना नाही सांगत. सुई द्या लवकर."

मामा, आयुष्यात इतका आनंद मला पहिल्या वर्गात पास होऊनसुद्धा झाला नव्हता. (झालो नाही, ही गोष्ट वेगळी.) दाभण आत, दाभण बाहेर. पण या कामात एक अन्याय आहे. जसजसं चांगलं शिवत जावं तसतसं तिचं तोंड दिसेनासं होत जातं. आधी हनुवटी गेली, मग नाक. शेवटी एक डोळा उरला आणि गारा पडायला लागल्या. त्या डोळ्यानं विचारलं, "कॉलेज खरंच भाकरीवरून सोडलं?"

मी म्हणालो, "नाही. तिथून मुरुम फार लांब पडत होतं."

तिनं सुतळी करकचून ओढली. फट मिटली. आत अंधार, वर गारांचा ताशा, आणि खाली मऊ गूळ. मग दाभण पुन्हा आत आली. चार बोटं अलीकडं, जिथं फाटलंच नव्हतं तिथं. मी ती परत दिली. ती एकदाच आली, गाठ पडली.

एक थेंब आत आला नाही. ईटला गाड्या सोडल्यावर महांतप्पांनी चाळिसाच्या चाळीस ढेपा हातानं चाचपून पाहिल्या. (एकीवर माझ्या बसण्याचा ठसा आहे, ती त्यांनी घरी ठेवली.) मग ताडपत्रीवरून बोट फिरवत ते त्या टाक्यापाशी थांबले. म्हणाले, "हिथं फाटलं नव्हतं. हिथं टाका कशाला घातला गं?" शरणम्मा आजीचं काही काम आठवून घरात गेली. दगडोबा खोकला. महांतप्पांनी तो टाका पुन्हा एकदा बोटानं चाचपला आणि ते मला म्हणाले, "शाई आहे का? मामाला पत्र लिही."

म्हणून हे पत्र. थोरांस शरणार्थ, लहानांस आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक,
पंचाक्षरी

ता. क. अक्षय्य तृतीयेला नारळ घेऊन मुरुमला यावे. माझ्या शांत स्वभावाबद्दल दोन शब्द बोलावेत. खोकला आला तर येऊ द्यावा, पण हसू नये.

आणखी ता. क. ताडपत्री तुमची आहे. शिवरात्रीला आलो तेव्हा कोठारातून नेली. कोपऱ्यावरची तुमची अक्षरं महांतप्पांनी वाचली, तेव्हा मला सांगावं लागलं की मामांनी होणाऱ्या व्याह्यांना भेट पाठवली आहे. या दिवसांत एवढी मोठी ताडपत्री दिली म्हणून ते ईटच्या बाजारभर तुमचं नाव घेत आहेत. तेव्हा ती त्यांच्या अंगणात दिसली तर कृपा करून ओळखू नये, आणि परत तर मुळीच मागू नये.

शेवटचं ता. क. कोठाराचं कुलूप मी तोडलं नाही. किल्ली मामींनी दिली.