आईच्या फोटोंना नावं लावणे

२ जून
आजपासून शिस्त. आईचे जुने फोटो स्कॅन करून झाले. त्यातली माणसं ओळखणारी आता एकटी आईच, आणि डॉक्टर म्हणतात, विसरणं वाढत जाणार. घाई आहे. पण आयटीत वीस वर्षं उगाच नाही काढली.

३ जून
कादंबरी म्हणाली, फाइलच्या नावातच माणसाचं नाव लिहा की. वीस वर्षं संसार करूनही बायकोला सिस्टिम कळत नाही. फाइलला नुसता नंबर. माणसाचं नाव टर्मिनलच्या काळ्या खिडकीत कमांड टाइप करून फाइलला आतून चिकटवायचं. वरून दिसत नाही, विचारलं की येतं. स्वच्छ काम.

९ जून
आई आज फॉर्मात. एका फोटोत कोपऱ्यात उभी मुलगी तिची धाकटी बहीण. लहानपणीच तापाने गेली. मला अशी मावशी होती हे आज कळलं. नाव सांगताना आई रडली. मला भरून आलं, पण कमांड बरोबर दिली. नावं इथे लिहीत नाही. एकच माहिती दोन ठिकाणी ठेवली की घोळ होतो.

१७ जून
वाघोलीहून नम्रताताईचा फोन. म्हणाली, श्याम, फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेव. पेन्सिलीने. ताईचं वय झालं.

२८ जून
आज आईजवळ बसायचं होतं. नावं चिकटवणारी स्क्रिप्ट सुधारण्यात रविवार गेला. आई काय पळून जातेय?

६ जुलै
सगळी नावं लागली. फोटो पेन ड्राइव्हवर कॉपी केले, एकही एरर नाही. हे सगळं ज्यावर केलं तो जुना लॅपटॉप पूर्ण पुसून भाच्याला, अभिनवला, दिला. पाठ मीच थोपटली.

२० जुलै
ताई आली. पेन ड्राइव्ह लावून ऐटीत कमांड दिली. काहीच आलं नाही. दुसरा फोटो, तिसरा, तेच. पेन ड्राइव्ह फोटो घेतो, आत चिकटवलेलं गाळतो, आणि सांगतही नाही. हा शुद्ध निष्काळजीपणा. कंपनीला कडक मेल लिहिणार. कादंबरी म्हणाली, अवश्य लिहा.

२१ जुलै
अभिनवकडून लॅपटॉप मागवला. त्यात काही उरलेलं नाही. पुसताना लॅपटॉपने दोनदा विचारलं होतं, मीच हो म्हटलं होतं. असो. आई आहे ना. पुन्हा विचारू.

२३ जुलै
मावशीचा फोटो दाखवला. आईने बराच वेळ पाहिला. म्हणाली, गोड आहे, कुणाची ही? म्हटलं, अगं, तुझी बहीण. नाव काय तिचं? आईने फोटोवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही रे. विचारलं असतं तर सांगितलं असतं.